पडद्याच्या अलीकडचा शिक्षक

खेड्यातल्या हायस्कुलाची अडचण पैशाची आहेच, पण त्याआधी ती अंकगणिताची आहे. शिक्षकांची पदं मिळतात पटावर. विषय मात्र पट कमी म्हणून कमी होत नाहीत. चाळीस मुलांच्या शाळेतही गणित, विज्ञान, इंग्रजी, मराठी, हिंदी, इतिहास, भूगोल सगळं शिकवायचं असतं. मग विज्ञानाचे सर गणितही ओढतात, मराठीच्या बाई इतिहास-भूगोल सांभाळतात आणि इंग्रजी ज्याच्या वाट्याला येईल तो घेतो. दहावीपर्यंत हे कसंबसं निभतं. अकरावी-बारावीला, त्यातही विज्ञान शाखेत, निभत नाही. तासिका तत्त्वावर आलेले भौतिकशास्त्राचे सर दिवाळीनंतर दुसरीकडे लागले, की उरलेला अभ्यासक्रम मुलांनी गाइडवर काढायचा, नाहीतर एसटीने तालुक्याच्या क्लासला जायचं. मुलींच्या बाबतीत हा दुसरा पर्याय पुष्कळदा घरातूनच बाद होतो.

विरळ वस्तीच्या प्रदेशांत जगभर हेच त्रांगडं आहे, आणि त्यावर सुचलेला तोडगाही सगळीकडे साधारण सारखाच. शिक्षकाला गावात आणता येत नसेल तर त्याचा तास गावात आणायचा. गेल्या सत्तरेक वर्षांत हा तास रेडिओवरून आला, टेलिफोनच्या तारेवरून आला, उपग्रहावरून आला. आता इंटरनेटवरून येतो. इथे आढावा घ्यायचा आहे तो अशा थेट तासांचा: शिक्षक तिकडे, मुलं इकडे आणि घड्याळ दोघांचं एकच. आधी रेकॉर्ड करून ठेवलेले व्हिडिओ, ॲप, पुस्तकातले क्यूआर कोड हा वेगळा विषय आहे. निरनिराळ्या देशांतले थेट तासाचे अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की मला तरी एक गोष्ट सगळीकडे दिसते. यंत्रं बदलत गेली, पण तास जमणार की फसणार हे ज्याच्यावर ठरतं तो माणूस बदलला नाही. पडद्यावर दिसणाऱ्या नामवंत शिक्षकाइतकंच, किंबहुना जास्तच, मुलांच्या खोलीत जो मोठा माणूस असतो त्याच्यावर ते ठरतं.

सुरुवात ऑस्ट्रेलियापासून करावी लागते. खंडाच्या मधोमध असलेल्या ॲलिस स्प्रिंग्ज या गावातून ८ जून १९५१ रोजी ‘स्कूल ऑफ द एअर’ रीतसर सुरू झाली. तिथल्या अवाढव्य गुरेपालन केंद्रांवर राहणाऱ्या कुटुंबांकडे फ्लाइंग डॉक्टर सेवेचे रेडिओ संच आधीपासून होते. डॉक्टरला बोलावण्याच्या या यंत्रावरून मुलांना शिकवताही येईल, ही कल्पना ॲडलेड मीथ्के या शिक्षणक्षेत्रातल्या बाईंची. पहिल्यापहिल्यांदा धडे एकतर्फी जात. लवकरच धड्याच्या शेवटी प्रश्नोत्तरांना वेळ द्यावा लागला, आणि तिथून पुढे ही शाळा खरी शाळा झाली. तिचा वर्ग सुमारे १३ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला, म्हणजे त्यात चार महाराष्ट्र मावतील. ही शाळा मुख्यतः लहान मुलांची. हायस्कूलला ती जशीच्या तशी लागू होत नाही. पण रेडिओवरचा तास हा दिवसातला छोटा भाग असे आणि उरलेला दिवस मुलाजवळ आई किंवा घरी ठेवलेली शिकवणारी बाई बसे, टपालाने आलेले पाठ करून घेई, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. घरात असं बसणारं कोणीतरी असेल हे या शाळेने पहिल्यापासून गृहीत धरलं होतं.

हायस्कूलच्या दृष्टीने सगळ्यात बोलका अनुभव कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा आहे. किनाऱ्यावर विखुरलेल्या मच्छीमार वाड्या हे या बेटाचं रूप. वर्षानुवर्षं अतोनात उपसा झाल्यामुळे कॉड मासा संपत आला आणि २ जुलै १९९२ रोजी सरकारने त्याच्या मासेमारीवर बंदी घातली. हजारो लोकांचा रोजगार एका दिवसात गेला. तरुण कुटुंबं मुख्य भूमीकडे निघून गेली आणि शाळांचे पट कोसळले. गळती त्याआधीच सुरू झाली होती, त्यामुळे दूरशिक्षणही आधीच सुरू झालं होतं. १९८८-८९ साली १३ ग्रामीण शाळांत प्रगत गणिताचा अभ्यासक्रम फोनवरून शिकवायला घेतला गेला. चेहरा दिसण्याचा प्रश्नच नव्हता. टेलिफोनच्या तारेवरून आवाज जायचा आणि ‘टेलिरायटर’ नावाच्या यंत्रावर शिक्षकाने जे लिहिलं ते पलीकडच्या पडद्यावर उमटायचं. आवाज आणि अक्षर, बस्स. मुलं त्यावर प्रगत गणित शिकली. आज कोणी मोठ्या पडद्याचं आणि अतिस्पष्ट चित्राचं कौतुक सांगू लागलं, की मला या १३ शाळा आठवतात.

२०००च्या आसपास सरकारने नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून तिथे दूरशिक्षणाचं स्वतंत्र केंद्र उभं राहिलं आणि तास इंटरनेटवर गेले. एकेका तासाला वेगवेगळ्या गावांतली मोजकी मुलं. कानाला हेडफोन, समोर संगणकावरचा पांढरा फळा, हात वर करायला एक बटण आणि लिहून प्रश्न विचारायला एक चौकट. अडचणी कुठून आल्या ते मजेशीर आहे. तंत्रज्ञानाआधी वेळापत्रक आडवं आलं. दहा शाळांची मुलं एका तासाला बसवायची तर दहाही शाळांच्या घंटा एका वेळी वाजल्या पाहिजेत. त्यात या प्रांताचं बेटावरचं घड्याळ आणि मुख्य भूमीवरच्या लॅब्राडॉरच्या बहुतेक भागातलं घड्याळ यांत अर्ध्या तासाचा फरक. मुख्याध्यापकांनी आपापलं वेळापत्रक शेजारच्या शाळेशी जुळवायचं, ही साधी वाटणारी गोष्ट घडवून आणायला पुष्कळ खटपट करावी लागली. आपल्याकडे एका संस्थेच्या दोन शाळांनाही ती जड जाईल.

या केंद्राचा अभ्यास मायकेल बार्बर या संशोधकाने बरीच वर्षं केला. त्याच्या निष्कर्षांतले दोन महत्त्वाचे. पहिला, दूरस्थ वर्गातल्या मुलांचे परीक्षेतले गुण प्रत्यक्ष वर्गातल्या मुलांपेक्षा फारसे वेगळे नव्हते. इथे हुरळून जायचं कारण नाही, कारण असे विषय घेणारी मुलं मुळात जरा पुढची असतात. दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो. थेट तासाला मुलं नीट काम करत. पण वेळापत्रकात ‘स्वतः अभ्यास करा’ म्हणून जो मोकळा तास ठेवला होता, तो पुष्कळदा वाया जाई. आणि अडलं, की मुलं आधी शेजारच्या मित्राला विचारत, मग शाळेतल्या ओळखीच्या शिक्षकाला. दूरच्या शिक्षकाला सगळ्यात शेवटी. त्या ओळखीच्या शिक्षकाला या कामासाठी वेळापत्रकात जागा नसे. आपला वर्ग सांभाळून, मधल्या सुट्टीत, जाता जाता तो ते करी.

ब्राझीलच्या अमेझोनास राज्याने ही चूक टाळली. महाराष्ट्राच्या पाचपट आकाराचं हे राज्य; गावं नदीकाठी, आणि राजधानी मनाउसपासून कित्येक गावांना होडीने काही दिवस लागतात. २००७ साली राज्याच्या शिक्षण खात्याने मनाउसमध्ये स्टुडिओ उभारला आणि हायस्कूलचे वर्ग उपग्रहावरून गावोगाव थेट पोचवायला सुरुवात केली. स्टुडिओत त्या त्या विषयाचे शिक्षक असतात. प्रत्येक गावच्या खोलीत मात्र राज्याने नेमलेला एक पूर्णवेळ शिक्षक असतो. तो सगळ्या विषयांचा तज्ज्ञ नसतो आणि तशी अपेक्षाही नसते. स्टुडिओतून विषय मांडला जातो, मग पडदा थांबतो आणि गावातला शिक्षक मुलांकडून काम करून घेतो, मग पुन्हा संपर्क जोडून काही गावं आपली उत्तरं आणि शंका सगळ्यांसमोर ठेवतात. दिवसा इमारतीत खालचे वर्ग भरत असल्यामुळे हायस्कूल बहुधा संध्याकाळी. वीज डिझेलच्या जनित्रावर. पहिल्या दहाएक वर्षांत सुमारे २,३०० वस्त्यांतल्या तीन लाख विद्यार्थ्यांपर्यंत हे वर्ग पोचले. शेकडो खोल्या एकाच तासाला जोडलेल्या असल्या, की एका गावाला पडद्यावर बोलायची पाळी क्वचितच येते, हे उघड आहे. ती पाळी न येताही तास वाया जात नाही, याचं श्रेय खोलीतल्या शिक्षकाचं.

मेक्सिकोची ‘टेलिसेकुंदारिया’ याच जातीची, पण वयाने मोठी. १९६८ साली दूरचित्रवाणीवरून थेट धड्यांनी सुरू झाली. पुढे धडे रेकॉर्ड होऊ लागले, म्हणून ती आपल्या विषयाच्या कडेला जाते. तिच्यातही प्रत्येक वर्गाला सगळे विषय सांभाळणारा एक शिक्षक असतो, आणि ती आजतागायत टिकली आहे.

चीनचा अनुभव मात्र या सगळ्याला छेद देतो, म्हणून तिथे जरा थांबलं पाहिजे. चेंगदू शहरातली ‘क्रमांक सात’ ही नामांकित उच्च माध्यमिक शाळा २००२पासून आपले रोजचे तास दूरच्या, गरीब जिल्ह्यांतल्या शाळांना एका कंपनीमार्फत थेट पाठवते. २०१८च्या डिसेंबरात ‘चायना यूथ डेली’ने यावर मोठा वृत्तान्त छापला आणि देशभर वादंग माजलं. २४८ शाळा, सोळा वर्षांत ७२ हजार विद्यार्थी आणि त्यांतले ८८ जण छिंगह्वा आणि पेकिंग या दोन सर्वोच्च विद्यापीठांत पोचले, असा तो हिशेब होता. आठशेत एक. लोकांनी त्या ८८ जणांकडे पाहिलं. पाहायला हवं होतं उरलेल्या एकाहत्तर हजारांवर मुलांकडे, ज्यांतली बरीचशी साध्या पदवी अभ्यासक्रमाला लागली. एरवी तेही जमलं नसतं.

छेद कुठे आहे? इथे दूरच्या मुलाला प्रश्न विचारताच येत नाही. हजारो मुलं एक तास पाहतात. चेंगदूचे शिक्षक आपल्या समोरच्या वर्गाला शिकवतात आणि कॅमेरा ते टिपतो. मग हा तास थेट कशाला? रेकॉर्डिंग पाठवलं असतं तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं, कारण इथे एकच वेळ पाळण्याचा फायदा प्रश्नोत्तरांत नसून शिस्तीत आहे. तयारी एका वेळी, तास एका वेळी, गृहपाठ एका वेळी, परीक्षा एका वेळी, असा या पद्धतीचा दंडक आहे. डोंगरातली शाळा शहरातल्या शाळेच्या चालीने चालू लागते. आज बघू, उद्या बघू करायला वाव राहत नाही. याची किंमतही आहे. युन्नान प्रांतातल्या लुछ्वान जिल्ह्यातल्या शाळेत मुलांना सुरुवातीला काहीच झेपत नव्हतं. चेंगदूचा इंग्रजीचा तास अथपासून इतिपर्यंत इंग्रजीत चाले. स्थानिक शिक्षकांना आपण नुसते मदतनीस झालो असं वाटलं. काहींनी निषेध म्हणून पुस्तकं फाडल्याचंही त्या वृत्तान्तात आहे. पुढे जिथे हे जमलं, तिथे या शिक्षकांनीच तास आधी पाहून ठेवायचा, मुलं कुठे अडतील ते ओळखायचं आणि तासानंतर ते भरून काढायचं, अशी कामाची नवी वाटणी झाली. म्हणजे वाट वळसा घालून पुन्हा त्याच माणसापाशी आली.

जपानने या माणसाचं स्थान नियमातच लिहून ठेवलं. तिथेही खेड्यांतले पट आटत चालले आहेत. हायस्कूलमध्ये दूरस्थ थेट तासांना २०१५ साली रीतसर मान्यता मिळाली, पण अटींसह. हायस्कूल उत्तीर्ण व्हायला ७४ श्रेयांक लागतात. त्यांपैकी जास्तीत जास्त ३६ दूरस्थ तासांतून घेता येतात. मुलांच्या खोलीत सर्वसाधारणपणे शिक्षक हजर असावा. आणि दूरच्या शिक्षकाने अधूनमधून स्वतः त्या वर्गात जाऊन शिकवावं. होक्काइदो बेटाने २०२१च्या एप्रिलमध्ये सापोरोतून असे तास देणारं केंद्र उघडलं. छोट्या शाळांना जे विषय झेपत नाहीत ते तिथून शिकवले जातात. मर्यादा घालून दिल्यामुळे एक फायदा झाला: दूरस्थ तास आला म्हणून शाळेतली सगळी पदं कापायला सरकारला जागा उरली नाही. आपल्याकडचे शिक्षक या विषयावर बोलताना पहिली भीती हीच व्यक्त करतात, आणि ती खोटी नाही.

भारताचा या क्षेत्रातला इतिहास आपण समजतो त्यापेक्षा मोठा आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर ‘नासा’च्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत ‘साइट’ प्रयोगाचे कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. कार्यक्रम एकतर्फी होते. शिक्षणासाठी म्हणून खास बनवलेला ‘एज्युसॅट’ २० सप्टेंबर २००४ रोजी अवकाशात गेला आणि सहा वर्षांनी, २०१० साली निवृत्त झाला. त्याच्यामुळे दुतर्फी वर्ग शक्य झाले. केरळने २००५ साली ‘व्हिक्टर्स’ वाहिनी सुरू केली आणि ती नीट जोपासली. म्हणूनच कोविडमध्ये १ जून २०२० या ठरल्या दिवशी त्या राज्याचं शालेय वर्ष टीव्हीवरून सुरू होऊ शकलं. बाकी पुष्कळ ठिकाणी छतावरच्या डिश गंजल्या. उपग्रहावर खर्च करायची तयारी होती. पुढे डिशचं तोंड हललं तर ते फिरवायला कोण येणार, याची नव्हती. कर्नाटकातल्या १,८२३ ग्रामीण सरकारी शाळांत पाचवी ते दहावीच्या वर्गांवर झालेला एक मोठा प्रयोग मात्र दखल घेण्याजोगा आहे. काही शाळांत तंत्रज्ञानाच्या साहाय्याने तास दिले गेले, काहींत नाही, आणि कोणत्या शाळेत द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तास मिळालेल्या मुलांचे गुण वाढलेले दिसले. तास शाळेत होत, शाळेच्या वेळेत होत आणि वर्गशिक्षक तिथेच असत.

कोविडने या सगळ्यावर पाणी ओतलं. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘ऑनलाइन’ हा शब्द घराघरांत गेला. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण विद्यार्थ्यांच्या घरांत स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२०मध्ये ६१.८ आणि २०२१मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेलं. पण २०२१मध्ये घरात फोन असलेल्या मुलांपैकीही २६ टक्क्यांना तो हाताळायला मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर. २०२१च्या ऑगस्टमध्ये पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित वस्त्यांत ज्यां द्रेझ आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत नियमितपणे ऑनलाइन शिकणारी ग्रामीण मुलं निघाली फक्त ८ टक्के. ३७ टक्के मुलं काहीच शिकत नव्हती. आपल्याकडे ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणत शिक्षकांनी जिवाचं रान केलं, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका आली, सिंधुदुर्गात एका मुलीने रेंज मिळते म्हणून डोंगरावर झोपडीत बसून अभ्यास केल्याची बातमी गाजली. या काळाने मनावर ठसवलं ते असं, की दूरस्थ शिकवणं म्हणजे गरिबाच्या पोराची फसवणूक. मला वाटतं, इथे निवाडा चुकीच्या आरोपीविरुद्ध लागला. न्यूफाउंडलंड, अमेझोनास, होक्काइदो यांपैकी कुठेच मूल घरात एकटं, वडिलांच्या फोनवर, डेटा संपायच्या धास्तीत शिकत नव्हतं. तिथे शाळा होती, खोली होती, सोबत होती आणि एक शिक्षक होता. कोविडने नेमकं तेच काढून घेतलं होतं.

आता प्रत्यक्ष तासात शिरू. दहावीच्या भूमितीतलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय घ्या. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा काढली, की ती उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात छेदते. सिद्धतेत एक पायरी अशी येते: समांतर रेषांमधले, एकाच पायावरचे दोन त्रिकोण क्षेत्रफळाने सारखे. शहरातल्या स्टुडिओत बाई सुरेख आकृती काढतात, पायरी सांगतात आणि विचारतात, “समजलं?” तिसऱ्या बाकावरच्या मुलाने आकृती काढताना पट्टी सरकवली आहे आणि त्याची ‘समांतर’ रेषा सरळ पायाकडे उतरते आहे. त्याच्या वहीतले दोन त्रिकोण उघड्या डोळ्यांना सारखे दिसत नाहीत. म्हणून त्याला बाईंचं म्हणणं पटत नाही, पण का पटत नाही हे त्याला सांगता येत नाही. वर्गातून कोरसमध्ये “हो बाई” जातं. बाई पुढे सरकतात. ती वही कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि दिसली तरी चाळीस वह्या कोण पाहणार? खोलीत फिरणाऱ्या शिक्षकाला मात्र ती रेषा एका नजरेत दिसते, आणि त्यासाठी त्याला भूमितीचा पंडित असावं लागत नाही.

याच प्रश्नाला वेळेचं आणखी एक अंग आहे. मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासिकेने १९७०च्या दशकात वर्गांतलं बोलणं रेकॉर्ड करून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतो आणि मग स्वतःच उत्तर देतो किंवा दुसऱ्याला विचारतो. तीन सेकंद थांबला तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. आता भूस्थिर उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परतायला आणखी पाव. वर यंत्रांचा वेळ वेगळा. त्यात खेड्यातल्या मुलाने माइकपाशी जायचं, बटण दाबायचं, घसा साफ करायचा. एक सेकंद थांबणाऱ्या शिक्षकाला या वर्गातून कधीच उत्तर मिळणार नाही, आणि “तिकडची मुलं बोलतच नाहीत” असा शेरा मात्र मिळेल. चांगला दूरस्थ शिक्षक पाच-सहा सेकंदांची ती शांतता सोसायला शिकतो. पडद्यासमोर ती फार लांब वाटते.

काही साध्या युक्त्या सगळीकडे उपयोगी पडतात. सामुदायिक होकार मागायचा नाही. नाव घेऊन विचारायचं, त्यासाठी हजेरीपट समोर ठेवायचा. प्रत्येकाने उत्तर पाटीवर लिहून एकदम वर धरायचं, म्हणजे कॅमेऱ्याला सगळा वर्ग एका क्षणात वाचता येतो. (पाटी हद्दपार करायची घाई झाली, असं या निमित्ताने वाटतं.) मांडणी दहा-बारा मिनिटांपेक्षा लांबवायची नाही. कॅमेरा शिक्षकाच्या चेहऱ्यावर कमी आणि त्याच्या लिहिणाऱ्या हातावर जास्त ठेवायचा. पैसे आधी माइकवर खर्च करायचे, टीव्हीवर नंतर. चित्र अडकलं तर मुलं कळ काढतात, आवाज तुटू लागला की पाच मिनिटांत वर्ग हातचा जातो. कोकणात जुलैच्या पावसात पत्र्याच्या छपराखाली ज्याने शिकवलं आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको. आणि लाइट गेली तर काय करायचं हे तासाच्या आराखड्यातच लिहिलेलं असावं: पुस्तकातली अमुक उदाहरणं, अमुक क्रमाने, खोलीतल्या शिक्षकाने सोडवून घ्यायची.

खोलीतल्या माणसाला तयार केलं तर फरक पडतो का, हे अमेरिकेत तपासलं गेलं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्रामीण हायस्कूलांच्या दूरस्थ वर्गांत जे सहायक बसत, त्यांच्यातल्या काहींना मुलांना कसं बोलतं करायचं, ढिलाई कशी ओळखायची, दूरच्या शिक्षकाशी संपर्क कसा ठेवायचा याचं प्रशिक्षण दिलं. त्यांच्या वर्गांतून अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणारी मुलं कमी निघाली. एरवी हे सहायक बहुधा हजेरी घेणारे आणि यंत्र चालू-बंद करणारे असतात. आपल्याकडे ‘ई-विद्यालोक’सारख्या संस्था शहरांतल्या, परदेशांतल्या स्वयंसेवकांकरवी खेड्यांतल्या वर्गांना मातृभाषेत थेट तास देतात, त्यांनीही प्रत्येक वर्गात गावातला एक साहाय्यक ठेवला आहे.

महाराष्ट्रात यातलं काय घेण्यासारखं आहे? खालच्या वर्गांसाठी काहीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वीसच्या आतल्या पटाच्या प्राथमिक शाळेला पडदा देऊन शिक्षक काढणं म्हणजे पेरणीच्या दिवसांत बैल विकून दिनदर्शिका घेणं. थेट तासाची खरी गरज नववी ते बारावीत आहे, आणि तीही सगळ्या विषयांत नाही. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंग्रजी. कला शाखेत अर्थशास्त्र किंवा भूगोलाला माणूस नसेल तिथे ते. एका जिल्ह्यातली सहा-सात कनिष्ठ महाविद्यालयं एका तासाला जोडली तर दूरच्या शिक्षकाला प्रत्येक मुलाचं नाव माहीत असू शकतं. राज्यभर एकच वाहिनी काढली तर नसतं, आणि मग ती थेट असण्याचं कारणही फारसं उरत नाही. त्यापेक्षा सवडीने थांबवून पाहता येणारं चांगलं रेकॉर्डिंग बरं. चीनचा मार्ग आश्रमशाळांना अंशतः लागू पडेल, कारण तिथे मुलं राहायला असतात आणि संध्याकाळचा वेळ हाताशी असतो. मात्र भामरागडच्या माडिया मुलाला किंवा धडगावच्या पावरी बोलणाऱ्या मुलीला पुण्याच्या मराठीतला झपाझप तास चेंगदूच्या इंग्रजी तासासारखाच डोक्यावरून जाईल. मध्ये कोणीतरी लागेल, आणि तो त्याच मुलखातला असला तर उत्तम.

त्या मधल्या माणसाच्या नावाने वेळापत्रकात तास लागला पाहिजे आणि तो त्याच्या कार्यभारात धरला गेला पाहिजे. हे न करता टीव्ही दिले, तर काय होतं ते आपण पाहिलेलं आहे: लोकवर्गणीतून आलेला टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत, त्यावर भरतकाम केलेलं कापड, आणि पंधरा ऑगस्टला हार. शासनाने जपानसारखी मर्यादा आधीच जाहीर करावी, की एका विद्यार्थ्याच्या एकूण तासांपैकी अमुक वाट्यापलीकडे दूरस्थ तास चालणार नाहीत आणि दूरस्थ तासाच्या जोरावर मंजूर पद रद्द होणार नाही. तेवढी खात्री मिळाली तर शिक्षक संघटनांचा विरोध निम्म्याने ओसरेल, असा माझा अंदाज आहे.

एक गोष्ट कोणत्याच पडद्याने सोडवलेली नाही. बारावीच्या भौतिकशास्त्रात ७० गुण लेखी परीक्षेचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे. व्हर्नियरची कोणती रेघ जुळली हे कॅमेऱ्यातून शिकवता येत नाही; डोळा उपकरणावर टेकवावा लागतो आणि शेजारी कोणीतरी “जरा तिरकं बघतोयस” म्हणावं लागतं. दूरच्या शिक्षकाने प्रत्यक्ष वर्गात जावं ही जपानची अट इथे आयती उपयोगाला येते. प्रत्येक सत्रात तीन-चार दिवस त्याने एकेका शाळेत मुक्काम करावा आणि प्रयोगशाळेतली सगळी प्रात्यक्षिकं त्या दिवसांत उरकावीत. मुलांना तो पडद्याबाहेर भेटतो, त्याला मुलांच्या वह्या हातात घेऊन पाहता येतात, आणि परतल्यावर माइकपाशी यायला मुलं तेवढी लाजत नाहीत. त्यासाठी एसटीचं भाडं, राहायची सोय आणि प्रवासभत्त्याचं बिल वेळेवर मंजूर करणारा कारकून, एवढं लागेल.